ओटीतल्या गोळ्या

मी चौथी शिकलेली बाई. हे बोलले मी आणि लिहिलं माझ्या सुनेनं, वनितानं. ती दहावीपर्यंत गेलेली. माझी भाषा तिनं जरा धुवून काढली, पण पार बदलू दिली नाही मी. तिच्या बाजूला ठाण मांडून बसले होते. मधेच ती लेखणी थांबवून म्हणायची, "आई, हे काऊन सांगता लोकायले?" मी म्हणायचे, "लिही वं तू. हेच तर सांगायचं हाय."

ज्या बाईच्या पायावर सूज आहे आणि जी "थंडीनं असंल" म्हणून कामाला जाते, तिच्यासाठी हे आहे. मीबी तेच म्हणत होते.

टोळी

पैनगंगेच्या अलीकडे, भीमपूरच्या बाजूला आमचं गाव. नदीपलीकडं महाराष्ट्र, अलीकडं आंध्र, आणि कापसाची पऱ्हाटी दोन्हीकडं. कापूस वेचायच्या दिवसांत माझी टोळी असायची, मला धरून अकरा जणी. कोणाच्या वावरात जायचं ते मी ठरवायचे, वजनाच्या काट्यापाशी मी उभी राहायचे, आणि कोणत्या बाईला कोणती पात द्यायची तेबी मीच सांगायचे. पात म्हणजे पऱ्हाटीची एक ओळ. सकाळी बाई ज्या ओळीला लागली ती पार पलीकडच्या धुऱ्यापर्यंत, म्हणजे बांधापर्यंत, तिचीच.

पातीवरून मधे उठायचं नाही, ही माझ्या टोळीची रीत. एखादी उठलीच तर बाकीच्या हसायच्या, "हिची पात धरा वं कोणी, हिचं चित्त घरी राह्यलं!" सगळ्यात मोठ्यानं मी हसायचे. आणि उठून जायचं तरी कुठं? हिवाळ्यात पऱ्हाटीची पानं झडलेली, धुऱ्यावर एखादी बाभूळ, बाजूला बैलगाड्यांची वाट. त्याच्यावर आमी सोपा उपाय काढला होता, पाणीच प्यायचं नाही. सकाळी भाकरीवर दोन घोट, आणि मग दिवस बुडता घरी आल्यावर. लोक म्हणायचे, या बाईची टोळी लावा, हिच्या बाया हलत नाहीत. मला ते ऐकून लय बरं वाटायचं.

दुपारी कंबर बोलू लागायची. त्याच्यासाठी गोळ्या होत्या. बाजारातल्या दुकानातून मी अंगदुखीच्या पुड्या आणायचे, एकात एक पांढरी अन् एक पिवळी. कापूस टाकायला पोटाशी जी ओटी बांधतो, तिच्या कोपऱ्यात गाठ मारून त्या ठेवायचे. दुपारच्या चहाच्या घोटासोबत एकेकीच्या तळहातावर ठेवायचे, प्रसाद ठेवावा तशा. मला स्वतःला दोन वेळा लागायच्या. ऐंशी साल उलटल्यावर मी टोळी धरली, तेव्हापासून आठ-नऊ वर्षं हेच चाललं.

जोडवी

त्या वर्षी पौषात माझ्या तोंडाची चव गेली. भाकरीचा वास आला की मळमळायचं. अंगाला खाज, लघवी थोडीशी आणि तिला साबणासारखा फेस. माझी पार्बती, माझ्याच वयाची, लहानपणापासूनची जोडीदारीण, एक दिवस पातीवरूनच म्हणाली, "तुया चेहरा असा काऊन फुगला वं?"

"सुखानं फुगला," मी म्हटलं.

मग पाय सुजले. जोडवी बोटांत रुतून बसली. तेल लावलं, साबण लावला, काही केल्या निघेनात. शेवटी सोनाराकडं जाऊन कापायची वेळ आली. सवाष्ण बाईची जोडवी कापायची म्हणून गल्लीतल्या बायका तोंड फिरवून उभ्या. सोनाराचाबी हात धजेना. तेव्हा आमचे हे पुढं झाले. सहसा बोलत नाहीत, पण त्या दिवशी बोलले, "मी जिता समोर उभा हाय ना? मंग कोणाचं भेव? काप बाप्पा तू."

तिथूनच ह्यांनी मला आदिलाबादला नेलं. तिथल्या डॉक्टरसाहेबांची बोली तेलुगू, आमच्याशी हिंदीत बोलले. रक्ताचा कागद आला तसा त्यांचा चेहरा बदलला. म्हणाले, "अम्मा, गुर्दा खराब है. नागपूर जाओ या हैदराबाद, मगर आज ही जाओ."

गुर्दा म्हणजे मला बकऱ्याचाच माहीत. मी ह्यांच्याकडं पाहिलं, हे माझ्याकडं. बाहेर बाकड्यावर बसलो. मी म्हटलं, "वावरात अजून दुसरी वेचणी बाकी हाय." हे म्हणाले, "वेचणी गेली चुलीत." एवढं बोलून ह्यांनी डोळे पुसले, अन् तेव्हा मला पहिल्यांदा खरं भ्या वाटलं. हैदराबादची भाषा आमच्यापैकी कोणाला धड येत नव्हती. नागपूरला निदान शिव्या दिल्या तरी समजतील म्हणून नागपूर ठरलं.

मी खोटं बोलले

नागपूरच्या मोठ्या दवाखान्यात माझ्यासोबत वनिता राहिली. तिचं दीड वर्षाचं लेकरू माहेरी, तिच्या आईकडं ठेवून आली होती. डॉक्टर तरुण, चष्मेवाला. त्यानं मला सगळं विचारलं. साखर आहे का? नाही. खडे? नाही. बीपी? आताशी वाढलं, आधी नव्हतं. घरात कोणाला होतं? कोणालाच नाही. तो म्हणाला, "शेतात राबणारी माणसं अशी येतात आमच्याकडे. का झालं ते धड सापडत नाही." मग सहज विचारल्यासारखं म्हणाला, "दुखण्याच्या गोळ्या खाता का?"

"नाई जी," मी म्हटलं.

वनितानं माझ्याकडं पाहिलं. मी तिच्याकडं पाहिलं नाही.

का खोटं बोलले? लोक विचारतात. अहो, तो प्रश्न ऐकताच मला माझी ओटी आठवली. गोळ्या वाईट असल्या तर मी एकटीनं थोड्याच खाल्ल्या होत्या? दहा जणींच्या हातावर मीच ठेवल्या होत्या. हो म्हटलं असतं तर ते खरं झालं असतं. नाही म्हटलं, म्हणजे ते नाहीच, अशी माझी समजूत. आणि खरं सांगायचं तर कमरेच्या बटव्यात तेव्हाही चार पुड्या होत्या. दवाखान्याच्या खाटेवर पाठ दुखली तेव्हा त्यातली एक मी गुपचूप घेतली. वनिता म्हणते हे नको लिहायला. लिही.

मशीन

तिसऱ्या दिवशी दम लागला. आडवं होता येईना. मग मला मशीनवर घेतलं. मानेच्या शिरेत नळी घातली आणि माझं रक्त माझ्या डोळ्यांदेखत बाहेर जाऊन परत आत येऊ लागलं. बाजूच्या खाटेवर यवतमाळकडचा एक शेतकरी दादा होता, त्याची पंधरावी का सोळावी पाळी. तो म्हणाला, "बाई, मशीनकडं पाहू नका. पंख्याकडं पाहा." मी चार तास पंख्याकडं पाहिलं. त्या दादाचे उपकार मी विसरणार नाही. कोणाला मशीनवर जायची वेळ आली तर त्यानं पंख्याकडं पाहावं.

आणि पाणी मोजून. दिवसाचे छोटे पेले ठरलेले. जन्मभर मी पाणी टाळत आले, आता मागून मिळेना. जीभ टाळूला चिकटायची. एक सिस्टर होती, केरळची, मराठी मोडकी. ती कापसाचा बोळा ओला करून माझ्या ओठांवर फिरवायची आणि म्हणायची, "गिळायचा नाही हां, अम्मा." एवढ्या सुखानं मी रडायचे.

पाचव्या दिवशी लुगडं बदलताना वनिताच्या हाती बटवा लागला. तिनं पुड्या हातावर ओतल्या, मोजल्या. मग म्हणाली, "आई, मी डॉक्टरले सांगून राह्यली. तुमी रागवा, घरातून काढा, काईबी करा."

"वनिता, नको वं."

ती गेलीच. सून म्हणून घरात आल्यापासून तिनं माझा शब्द मोडला तो त्याच दिवशी, आणि तिच्यामुळं मी आज बोलून राहिले आहे.

डॉक्टर आला. मला वाटलं आता फाडून खाईल. तो स्टूल ओढून बसला. किती वर्षं, दिवसाला किती, पाणी किती प्यायचे, सगळं विचारलं. पाण्याचं ऐकून त्यानं चष्मा काढला. मी विचारलं, "ह्याच्यानंच झालं काय जी?"

"मला माहीत नाही," तो म्हणाला. "गोळ्या असतील, उन्हात कोरडं राहणं असेल, विहिरीचं पाणी असेल, फवारणीचं औषध असेल. सगळं मिळून असेल. जो छातीठोक सांगेल त्याच्यावर विश्वास ठेवू नका. पण गोळ्या आजपासून बंद."

मी म्हटलं, "माया दहा बाया हाय जी गावात. त्यायलेबी मीच देत होती."

त्यानं चष्मा परत घातला. "मग त्यांना तपासून घ्यायला लावा," म्हणाला.

त्यानंतर मशीनची भीती मला फारशी राहिली नाही. दुसरीच भीती येऊन बसली होती. मी मेले तर माझं नशीब, पण त्या?

दिगंबर

दिगंबर माझा एकुलता एक लेक. दर दोन-चार दिवसांनी घरून डबा घेऊन यायचा. त्याला कळलं तेव्हा डबा त्याच्या हातातच होता.

"वनितालेबी देली तू?"

"देली."

"लेकरू अंगावर पीत होतं तेव्हाबी?"

मी हो म्हणून मान हलवली. त्यानं डबा खाटेवर ठेवला आणि निघून गेला. पुढच्या खेपेला तो आला नाही, हे आले. ह्यांनी आयुष्यात चूल पेटवली नव्हती, पण बिनमिठाचं वरण स्वतः करून आणलं होतं. ते कसं होतं ते विचारू नका. म्हणाले, "पोरगं रागावलं नाई. भेलं हाय."

वनिताचं रक्त आणि लघवी त्याच दवाखान्यात तपासली. कागद आला तो एकदम ठीक. लेकराचीबी काळजी नको म्हणून डॉक्टरनं सांगितलं. दिगंबर दुसऱ्या दिवशी हजर. दारात उभा राहून म्हणाला, "आई, जेवली काय?" झालं. आमच्या घरात माफी अशीच मागतात आणि देतात.

माझी मशीन सहा वेळा झाली. मग एका सकाळी लघवी सुटली. भरपूर. मोजायच्या भांड्यात ह्यांनी ती पाहिली आणि ते भांडं घेऊन वॉर्डभर हिंडले, "पाह्य ना, आज एवढी!" यवतमाळचे दादा झोपेतून उठून हसले. सिस्टर ह्यांच्या मागं धावली. आमच्या लग्नातबी हा माणूस एवढा हसला नव्हता.

महिन्यानं घरी सोडलं. डॉक्टरनं सांगितलं, मूत्रपिंड अर्ध्याहून कमी चालते, पण चालते. मीठ कमी, गोळ्या नाहीत, दर काही दिवसांनी तपासणी, आणि उन्हात कोरडं राहायचं नाही.

पार्बतीचं अंगण

घरी पाहायला येणारा प्रत्येक जण संत्री आणायचा, शहाळं आणायचा. मला दोन्ही बंद. ह्यांचं वजन वाढलं.

टोळीतल्या बायका आल्या तेव्हा मी विषय काढला. एकीनं गाय धुवायची आठवण काढली, दुसरीला पाव्हणे आले. असे पंधरा दिवस गेले. मग एक दिवस सगळ्या पार्बतीच्या अंगणात शेंगा फोडत बसल्या होत्या, तिथं मी काठी टेकत गेले आणि उभ्यानंच बोलले. "डॉक्टर म्हणते, त्या गोळ्यायनं झालं असंल. पाणी न पेल्यानं झालं असंल. तुमाले गोळ्या मी देल्या. पाणी मी पिऊ नाई देलं. माया हातून तुमचं वाईट झालं असंल तर..." 

पार्बती उसळली. "मोठी आली पाप डोक्यावर घेणारी! तू देल्या म्हणून आमी घेतल्या काय? आमाले तोंड नव्हतं? तू नसत्या देल्या तर मी दुकानातून आणल्या असत्या!"

"मंग चाल आदिलाबादले. तपासून घे."

"नाई येत."

"काऊन?"

शेंगा फोडणं थांबलं. पार्बती खाली मान घालून म्हणाली, "भेव लागते वं. तपासलं की निघतेच काईतरी."

मग मी माझा जुना आवाज काढला, काट्यापाशी उभी राहून काढायचे तो. "उद्या सकाळच्या बसले सगळ्या पाहिजे. जी नाई आली तिले माया टोळीत पात नाई." ज्या दांडगाईनं मी त्यांना पातीवरून उठू दिलं नव्हतं, त्याच दांडगाईनं मी त्यांना बसमध्ये बसवलं. एकबी मागं राहिली नाही.

वनिताचं आधीच झालं होतं, उरलेल्या नऊंतल्या आठ जणी ठीक निघाल्या. पार्बतीच्या कागदावर डॉक्टरनं बोट ठेवलं. बिघाड थोडाच होता, सुरुवातच म्हणा. गोळ्या बंद करा, पाणी प्या, तीन महिन्यांनी परत या. पार्बती मला म्हणाली, "पाह्य, म्हणली होती ना मी." एवढंच. त्यापेक्षा ती माझ्यावर रागावली असती तर बरं झालं असतं.

ते तीन महिने मला मशीनहून जड गेले. खोटं सांगत नाही. माझं जे व्हायचं ते होऊन गेलं होतं. तिचं अजून व्हायचं होतं, आणि ती माझी पार्बती होती. रोज मी तिच्या घरी जायचे. तिच्यासमोर तांब्या ठेवायचे आणि रिकामा होईतो बसायचे. गोळी नाही म्हणून तिची कंबर ठणकायची, तर तव्यावर फडकं गरम करून मी शेक द्यायचे. शेक घेता घेता ती मला शिव्या घालायची. "मारून टाकते हे पाणी मले. दिवसभर वाड्यामागं जाऊन राह्यली." मी म्हणायचे, "जाय. माया अंगावरून जाय, पण जाय."

त्याच्यानंतर मी टोळीची रीत मोडली. वावरात पाण्याची घागर सोबत, आणि धुऱ्यावर दोन काठ्यांना जुनं लुगडं बांधून आडोसा. जिला उठायचं ती उठते, तिची पात बाजूची पकडते. वेचणी कमी होते काय? होते थोडी. एक-दोन मालकांनी दुसरी टोळी लावली. लावू दे. आज ह्याला सात वर्षं झाली. मला परत मशीन लागली नाही. पुढं लागेल का ते डॉक्टर सांगत नाही आणि मी विचारत नाही.

तीन महिन्यांनी

पार्बतीला परत आदिलाबादला न्यायचं तर मी एकटीच जाणार होते. सकाळी थांब्यावर पाहते तर सगळ्या उभ्या, वनितासुद्धा, लेकरू सासऱ्याच्या हवाली करून. म्हणाल्या, "ती एकटी जाईन आन् आमी काय घरी बसून राहू?"

दवाखान्याच्या व्हरांड्यात आमी ओळीनं बसलो.  पार्बतीनं माझा हात धरला होता आणि तिचा हात गार होता. दुपार कलल्यावर कागद आला. डॉक्टरनं आधी जुना पाहिला, मग नवा, परत जुना. माझा जीव कुठं होता ते मला माहीत नाही.

"साफ है," तो म्हणाला.

पार्बतीनं मला कोपरानं ढोसलं. "काय म्हणते तो?"

"साफ हाय म्हणते."

"काय साफ?"

"तू, मेले, तू!"

आणि मी रडले. सुया टोचल्या, नळ्या घातल्या, तेव्हा अशी रडले नव्हते. पार्बती माझ्या पाठीवर थापा मारत डॉक्टरला म्हणाली, "हिले पाह्य जी आता. माया कागद चांगला आला तं हिले काय झालं?" डॉक्टर हसला. मग त्यानं माझाही कागद पाहिला, सकाळी तिच्यासोबत मीबी रक्त दिलं होतं. होता तिथंच होता, खाली गेला नव्हता. मला तर त्याची आठवणच राहिली नव्हती.

बाहेर नळ होता. सगळ्या त्या नळाला लागल्या, ओंजळीनं, हसत. पार्बतीनं बाटली भरून दोनदा रिकामी केली. मीबी माझ्या मापाचं प्यायले. मग संध्याकाळची बस पकडली.

आदिलाबाद सुटून थोडं पुढं गेलो तशी पार्बती चुळबुळ करू लागली. मग तिच्या बाजूची. मग वनिता खिडकीबाहेर पाहू लागली. मला कळलं. आधीच्या दिवसांत आमी दात दाबून गावापर्यंत बसलो असतो, गाडीतल्या माणसांसमोर हूं की चूं केलं नसतं. मी दांडा धरून उभी राहिले.

"कंडक्टर, गाडी थांबवा."

"यहाँ स्टॉप नहीं है अम्मा. आगे."

"थांबवा म्हणते ना! अकरा बाया हाय, सगळ्यायले जायचं हाय!"

सगळी बस वळून पाहू लागली. वनितानं पदर तोंडावर घेतला, "आई, हळू तरी बोला ना!" कंडक्टर तेलुगूत काहीतरी पुटपुटला. मला तेलुगू कमी समजते, त्या दिवशी तेवढंबी समजून घेतलं नाही. ड्रायव्हरनं आरशात माझ्याकडं पाहिलं आणि गाडी बाजूला घेतली.

आमी उतरलो. पळसाची झुडपं होती, त्यांच्या मागं गेलो. कोणी घाई केली नाही. पार्बती सगळ्यात शेवटी, पदर सावरत, रस्त्याची मालकीण असल्यासारखी आली. दारात कंडक्टर ताटकळत उभा होता.

"सब आ गये?" त्यानं मला विचारलं.

मी एकेकीकडं बोट करून मोजलं, पार्बतीपासून सुरू करून.

"हो," मी म्हटलं. "अकराच्या अकरा."